नाडी मोजायला एक मिनिट



मागच्या महिन्यात आम्ही रक्तदाबावर लिहिले, तेव्हा एका वाचक भगिनीने विचारले, "माझ्या छातीत मधूनच धडधडते, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात टेन्शन आहे. हे खरेच टेन्शन असते का?" उत्तर एका ओळीत देता आले असते. पण या प्रश्नाने आम्हाला आमच्या फुफीची आठवण झाली, म्हणून या महिन्याचे सगळे पान या विषयाला दिले आहे.

आमची फुफी तेव्हा 52 वर्षांची होती. जिना चढताना तिला दम लागायचा. रात्री झोपताना म्हणायची, "उरात कबूतर फडफडतंय गं." घरात लग्न जमत नसलेली मुलगी होती, त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकले की काळजीने जीव घाबरा होतो. कोणी ताकदीच्या गोळ्या आणल्या, कोणी नजर उतरवली, कोणी झोपेची गोळी सुचवली. अशी दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत तिच्या मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी कोणी मोजली नाही. आम्हीसुद्धा नाही.

एके दिवशी फजरच्या वेळी वुजू करताना तिच्या उजव्या हातातून लोटा गळून पडला. उचलायला गेली तर हात उठेना, बोलायला गेली तर जीभ वळेना. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. फालिज! घरच्यांनी आधी तेल चोळले, मग दम करायला शेजारच्या बुजुर्गांना बोलावले, मग गाडी शोधली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सहा तास उलटले होते. डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ गेली."

दुआ करायलाच हवी. पण दुआ गाडीत बसूनही करता येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पन्नास वर्षांपूर्वीचा नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचा ताप

फुफीचा ईसीजी काढला तर ठोक्यांमध्ये काही ताळमेळच नव्हता. दोन ठोके जवळ, तिसरा लांब, चौथा भलताच. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी असते, तिला इको म्हणतात. त्यात हृदयाची एक झडप आक्रसून गेलेली दिसली. डॉक्टरांनी विचारले, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

फुफीला बोलता येत नव्हते. उत्तर अब्बांनी दिले. ती दहा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटे. ती महिनाभर अंथरुणावर होती. अब्बा तिच्याहून मोठे, ते तिला पाठीवर घेऊन हकीमसाहेबांकडे न्यायचे. नंतर सांधे आपोआप बरे झाले आणि घरातले सगळे ते विसरून गेले. हृदय मात्र विसरले नव्हते.

या आजाराला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या एका जंतूमुळे घसा सुजतो, योग्य औषध मिळाले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे पुन्हा पहिल्यासारखे होतात, झडपा होतीलच असे नाही. बहुतेक वेळा हा आजार 5 ते 15 या वयात होतो, म्हणजे नेमका आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना. ज्या घरांत एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, तिथे हा जंतू लवकर पसरतो.

हृदयाची लय कशी चालते

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, त्याला सायनस नोड म्हणतात. तिथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो. आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात, मग मधल्या एका ठाण्यावर संदेश क्षणभर थांबतो, मग खालचे कप्पे आकुंचन पावून रक्त साऱ्या शरीरात ढकलतात. जमातीच्या नमाजसारखेच आहे. इमामाने तकबीर म्हटली की सगळी सफ एकदम रुकूत जाते. आराम करत असताना मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला 60 ते 100 वेळा पडते. 72 धरले तरी दिवसाला एक लाखावर ठोके होतात.

ही लय बिघडली की तिचे मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिला, मधूनच पडणारा जादा ठोका. "ठोका चुकला" असे वाटते ते बहुधा हेच. निरोगी माणसातही असे होते, जागरण, फार चहा किंवा काळजीने वाढते, आणि बहुतेक वेळा त्यापासून धोका नसतो.

दुसरा, अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी जलद धडधड. तरुण माणसात नाडी एकदम 150-200 वर जाते. हृदयात विजेची एखादी जादा वाट जन्मतःच असते, संदेश तिथे गोल गोल फिरत राहतो.

तिसरा, फुफीला झाला तो. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. इमामाचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि सफेतला प्रत्येक जण आपल्या मनाने रुकू-सजदा करू लागतो. वरचे कप्पे आकुंचन पावतच नाहीत, नुसते थरथरतात.

चौथा, ठोके फार संथ पडणे. वय वाढल्यावर संदेशाची वाट झिजते. नाडी 40 च्या खाली येते, चक्कर येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

यापलीकडे एक अतिशय घातक प्रकार आहे. खालचे कप्पेच थरथरू लागतात, तेव्हा रक्त पुढे जातच नाही आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. अशा वेळी 108 ला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाबत राहणे एवढेच आपल्या हातात असते, आणि त्याने जीव वाचू शकतो.

लय का बिघडते

कारणे बरीच आहेत. वाढलेला रक्तदाब हे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक. झडपांचा आजार, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, मधुमेह, लठ्ठपणा आणि वाढते वय ही पुढची. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तरी हृदय बेताल धावते, म्हणून धडधड असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करतात. शरीरात रक्त कमी असेल तर ठोके जलद होतात, आपल्या घरांतल्या बायकांमध्ये हे फार दिसते. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

जुलाब-उलटीने किंवा लघवी होण्याच्या गोळ्यांनी पोटॅशियम हा क्षार कमी झाला तरी लय बिघडते. ज्येष्ठमधाची पूड खोकल्यावर चांगली म्हणून काही जण महिनोन्‌महिने रोज घेतात. तिनेही पोटॅशियम कमी होते. तंबाखू, गुटखा, जर्द्याचे पान आणि बायकांची मिश्री, या सगळ्यांत निकोटिन असते आणि ते हृदयाला चाबूक मारते. आम्ही दारू पीत नाही म्हणून आमचे हृदय सुरक्षित, असे मिश्री लावत म्हणण्यात अर्थ नाही.

धोका हृदयात, घाव मेंदूवर

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहते. वाहते पाणी नितळ असते, साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते, तसेच. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवी असते, बहुतेक वेळा तिथेच गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या नळीत अडकली की फालिज. या आजारात फालिज होण्याचा धोका सुमारे पाच पट वाढतो, आणि झडप आक्रसलेली असेल तर त्याहून कितीतरी जास्त. काहींना तर धडधड जाणवतही नाही, पहिली खबर फालिजचीच मिळते.

तपासणी

साध्या ईसीजीला पाच-दहा मिनिटे लागतात. पण लय तेव्हा बिघडलेली नसेल तर कागदावर काही दिसत नाही. अशा वेळी 24 तास किंवा जास्त वेळ अंगावर बांधायचे छोटे यंत्र देतात, त्याला होल्टर म्हणतात. हल्ली मनगटी घड्याळेही इशारा देतात. तो इशारा डॉक्टरांना जरूर दाखवावा, पण त्यावरून घरी निदान करू नये.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. ईसीजीसाठी छातीवर बटणे लावावी लागतात, म्हणून आपल्या कित्येक बायका "नको, बरं वाटतंय" म्हणून परत येतात. महिला तंत्रज्ञ आहे का ते विचारा, पडदा मागा, अंगावर चादर मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि महिला तंत्रज्ञ नसेल तरी तपासणी टाळू नका. जीव वाचवण्यासाठी लागणाऱ्या इलाजात दीनने सवलत दिलेली आहे.

इलाज

जलद धडधडीच्या दुसऱ्या प्रकारात औषधे आहेतच, शिवाय मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकतात. त्याला ॲब्लेशन म्हणतात आणि त्याने बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात.

फार संथ ठोक्यांवर पेसमेकर बसवतात. माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर 1958 साली स्वीडनमध्ये बसवला. तो रुग्ण पुढे यंत्रे बदलत बदलत 2001 पर्यंत जगला. आमच्याकडे पुष्कळ जण विचारतात, पेसमेकर बसवल्यावर नमाज पढता येते का? येते. सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये एवढे पथ्य असते, जखम भरल्यावर रुकू-सजद्याला सहसा अडचण नसते. मोबाइल मात्र त्या बाजूच्या खिशात ठेवू नये.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तीन कामे असतात. ठोक्यांची गती आवरणे, जमल्यास लय पूर्ववत करणे, आणि गुठळी होऊ न देणे. पहिल्या दोन कामांसाठी गोळ्या असतात, काहींना विजेचा हलका झटका देऊन किंवा ॲब्लेशनने लय सरळ करतात. तिसऱ्या कामासाठी ज्याला आपण "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो ती लागते. ती सर्वांना लागतेच असे नाही, वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा फालिज असे सगळे पाहून डॉक्टर ठरवतात. पण एकदा ठरवल्यावर बरे वाटते म्हणून ती बंद करायची नसते. गोळी धडधडीसाठी नसते, गुठळीसाठी असते.

या गोळ्या दोन जातींच्या आहेत. जुनी वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम, तिच्यासाठी वरचेवर आयएनआर ही रक्ततपासणी करावी लागते आणि बहुतेकांचा आकडा 2 ते 3 मध्ये ठेवतात. नव्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही. पण फुफीसारखी ताप येऊन आक्रसलेली झडप असेल तर जुनीच गोळी चालते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासातही अशा रुग्णांना जुन्या गोळीचाच फायदा जास्त झाला. म्हणून शेजारणीची "तपासणी न लागणारी" गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

रक्त पातळ करणारी गोळी असलेल्या घरासाठी

पालेभाज्या बंद करू नका. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे प्रमाण मात्र रोज साधारण सारखे ठेवा. एकदम खूप किंवा एकदम बंद केले की आयएनआर हलतो.

अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेऊ नका, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असेल, ऑपरेशन असेल तर आधी सांगा.

हिजामा ही सुन्नत म्हणून आपण करतो. पण या गोळ्या चालू असताना चिरा दिल्या तर रक्त लवकर थांबत नाही. आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि हिजामा करणाऱ्यालाही गोळीबद्दल सांगा.

काळे शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, यांतले काहीही झाले तर लगेच दवाखाना.

रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. दिवसातून एक-दोन वेळा घ्यायची औषधे बहुधा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, पण ते डॉक्टरांनी बसवून द्यावे. लघवीच्या गोळ्या, उन्हाळा आणि कमी पाणी हे एकत्र आले तर क्षार बिघडतात. डॉक्टर नको म्हणाले तर रोजा ठेवू नये. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, आणि ज्याला पुढेही शक्य नाही त्याच्यासाठी फिदया आहे. लपून गोळी चुकवणे ही इबादत नव्हे.

एका मुलाची गोष्ट

फुफीच्या आजारानंतर दोन वर्षांनी आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगा खेळाच्या तासाला लंगडू लागला. सोमवारी गुडघा दुखतो म्हणाला, बुधवारी घोटा. आम्ही त्याला रागावलो. "रोज नवा सांधा कसा दुखतो रे, नाटक करतोस?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चप्पल काढली तेव्हा घोटा सुजलेला दिसला. कपाळाला हात लावला तर ताप. त्या क्षणी अब्बांचे शब्द आठवले. गुडघे, मग घोटे, मग मनगटे. बीएडला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवले होते, मुलाच्या सांध्याकडे पाहायला आम्हाला फुफीने शिकवले.

आम्ही त्याच्या अम्मीला बोलावून घेतले. ती म्हणाली, "वाढीचं दुखणं आहे, सर्वांनाच होतं." शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना आम्ही फोन केला. जिल्हा रुग्णालयात इको झाला. झडपेला इजा झालेली होती, पण थोडीच. तेव्हापासून त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन आहे. ते अनेक वर्षे घ्यायचे असते, कित्येकांना 25, तर काहींना 40 वर्षांच्या वयापर्यंत, म्हणजे पुन्हा घसा बिघडून झडपेवर दुसरा घाव बसत नाही. वर्गाच्या कॅलेंडरवर आम्ही ती तारीख हिरव्या शाईने लिहायचो. आता तो दहावीत आहे. तारीख स्वतःच लक्षात ठेवतो. आम्ही त्याची माफी मागितली आहे, तो नुसता हसला.

आणि फुफी? काही महिने गोळी घेतल्यावर, हृदयात गुठळी नाही याची खात्री करून, फुग्याच्या साहाय्याने तिची झडप उघडली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या कित्येक उपचारांचा समावेश आहे, त्यात खर्च भागला. लय सरळ झाली नाही, गोळी आयुष्यभर आहे. उजव्या हाताने आता तिला भाकरी थापता येत नाही. तस्बीह डाव्या हाताने फिरवते. दम कमी लागतो, अल्हम्दुलिल्लाह.

या महिन्याचा गृहपाठ

हकीम लोक नब्ज पाहायचे. इब्ने सीनाने हजार वर्षांपूर्वी आपल्या कानूनमध्ये नाडीवर सविस्तर लिहून ठेवले. आपल्याला तेवढे ज्ञान नको. येत्या जुम्म्याला जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाला पाच मिनिटे शांत बसवा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणू नका, बेताल नाडी त्यात सापडत नाही. दोन गोष्टी वहीत लिहा. आकडा किती, आणि ठोके सारख्या अंतराने पडतात की नाही. ठोके सतत बेताल असतील, किंवा आराम करताना आकडा पुन्हा पुन्हा 100 च्या वर किंवा 50 च्या खाली असेल, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा.

धडधडीबरोबर छातीत दुखले, शुद्ध हरपली, खूप दम लागला तर आठवडा नाही, तासही थांबू नका. जे मूल धावताना किंवा दचकून बेशुद्ध पडते त्याला फिट म्हणून सोडू नका, विशेषतः ते जन्मतः ऐकू न येणारे असेल किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल तर त्याचा ईसीजी जरूर काढा. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले तर घड्याळ पाहा आणि 108 लावा.

ज्या भगिनीने प्रश्न विचारला तिला आमचे उत्तर असे. टेन्शन असू शकते. पण टेन्शन हे शेवटचे उत्तर आहे, पहिले नव्हे. आधी नाडी, मग ईसीजी, मग थायरॉइड आणि रक्त. ते सगळे ठीक निघाले तर घरचे म्हणतात ते मान्य करू आणि शुक्र अदा करू. फुफीच्या बाबतीत आम्ही सुरुवातच शेवटाकडून केली होती.

अल्लाह आपणा सर्वांना सेहत देवो. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.